पुढचा ब्रेक

टेम्पोतून उतरवलेल्या मोटरसायकलवरची चादर दळवीकाकांनी ओढली आणि इस्माईलच्या हातातला पाना थांबला. आठ वर्षांपूर्वी, एका रविवारी पहाटे, उड्डाणपुलावरच्या चोरट्या शर्यतीत काकांचा हर्षल याच गाडीवर जिवानिशी गेला होता.

"विकायची नाहीये," काका म्हणाले. "पोरानं जे जे काढलं होतं ते परत लावून दे. मी घेऊन दिली होती तशी."

इस्माईलनं माळ्यावरचं पोतं खाली घेतलं. ते त्याला कधी टाकवलं नव्हतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी, गाडी हलकी व्हावी म्हणून, त्यानं आणि हर्षलनं हसत हसत ते भरलं होतं. काका एकेक वस्तू काढून रुमालानं पुसू लागले. आरसे, हॉर्न, मडगार्ड. मग एक लोखंडी दांडी हाती आली.

"हे काय रे?"

खोटं बोलता आलं असतं. आठ वर्षं तो गप्पच तर होता.

"पुढचा ब्रेक, काका. सरळच तर जायचंय, कशाला हवा, म्हणाला. मी काढून दिला. चाक मोकळं फिरावं म्हणून मागचाही पार सैल केला." इस्माईल मान खाली घालून थपडेची वाट पाहत राहिला.

काका स्टुलावर बसले.

"रस्त्यावर ब्रेकची खूणच नाही, असं हवालदार म्हणाला होता. आदल्या रात्री मी त्याला नको नको ते बोललो होतो. मला वाटायचं, पोरानं मुद्दामच ब्रेक दाबला नाही."

दांडी त्यांनी मुठीत घट्ट आवळली.

"म्हणजे थांबायचं होतं त्याला."