इंडियाचे केस

"खरं सांग, कुठून आणलेस?" बिसोये आंटींनी मोरायोच्या केसांचा एक पीळ उचलून तळहातावर तोलून पाहिला. "एवढे जाड, एवढे भरदार! लागोसहून विकत मागवलेस ना?"

मोरायोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासूबाईंच्या साठीसाठी इबादानच्या त्या मांडवात जमलेल्या सगळ्या बायका एकाच जांभळ्या कापडात होत्या आणि डोक्यांवर ताठ फेटे बांधून बसल्या होत्या. मोरायोने आपला फेटा मुद्दाम पिशवीतच ठेवला होता. आज केस दिसायलाच हवे होते. तिच्या सहा वर्षांच्या लेकीचं, इबुकुनचं डोकं त्यावर अवलंबून होतं.

सासूबाईंना शाळा सुरू व्हायच्या आत नातीचे कुरळे केस क्रीम लावून सरळ करायचे होते. त्या क्रीमने भाजल्याचा चट्टा मोरायोच्या कानामागे लहानपणापासून होता. घरात रोज खडाजंगी व्हायची आणि नवरा नेमका तेव्हाच जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघायला जायचा. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. "माझ्या साठीला तुझं ते जंगल मिरवत ये. चार बायकांनी नावाजलं, तर पोरीच्या डोक्याला हात लावणार नाही. नाहीतर दुसऱ्याच दिवशी चर्चमधून आलं की क्रीम!"

मोरायोने कंबर कसली. आधी केसांना काळा दोरा गुंडाळून ते ताणून घेतले, कारण आखडलेल्या केसांचे पीळ उंदराच्या शेपटीसारखे बारीक होतात. मग मोठमोठे भाग पाडून शियाच्या बियांचं लोणी चोपडलं. प्रत्येक भागाचे दोन पेड केले, दोन्ही आधी एकाच दिशेला पिळले आणि मग उलट दिशेने एकमेकांभोवती गुंडाळत नेले. पीळ वाळल्यावर मुळाशी बोटं घालून फुलवले, मधून टाळू दिसू नये म्हणून. इबुकुन लोण्याचा डबा धरून शेजारी बसली होती. मागचा एक पीळ तिने स्वतः घातला आणि तोच सगळ्यांत छान झालाय, असं ती घरभर सांगत सुटली.

"माझेच आहेत, आंटी," मोरायो म्हणाली.

"तुझेच गं बाई! पैसे मोजले की आपलेच." सगळं टेबल हसलं.

"तसं नव्हे. माझ्याच डोक्यावर उगवलेत. ओढून बघा हवं तर."

आंटींनी झटकन हात मागे घेतला. ओढाओढी सुरू झाली तर कुणाकुणाचं काय काय हातात येईल, याची त्या टेबलावर सगळ्यांनाच कल्पना होती. पण मोरायो खरं बोलतेय हे त्यांना कळलं आणि हसणं विरून गेलं. आता सगळ्या तिच्याकडे कीव आल्यासारख्या बघू लागल्या.

"नवऱ्याचं कामधंद्याचं बरं चाललंय ना गं?" आंटींनी हळूच विचारलं.

"का दागिने, विकतचे केस चालत नाहीत, तसलं चर्च धरलंस?" दुसरीने विचारलं. तिसरीने आपल्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा उचलला आणि मुकाट्याने मोरायोच्या भातावर ठेवला.

मोरायोला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात सासूबाई डुलत डुलत टेबलापाशी आल्या. मागोमाग थंड पेयाची बाटली घेऊन इबुकुन. "काय म्हणताय आमच्या सूनबाईंच्या केसांना?" सासूबाईंनी मोठ्याने विचारलं. आंटी उत्तरासाठी सोज्वळ, दुःखी चेहरा करू लागल्या. तो चेहरा पुरता जमायच्या आत मोरायो बोलून गेली.

"मघाशी थट्टा केली हो मी. इंडियाचे आहेत. अस्सल. तिकडे बायका देवाला केस वाहतात ना, त्या देवळातले."

एकच गलका उठला. "तरीच! मी म्हटलंच होतं!" "बघा, बघा, चमक बघा! हिचा देवच वेगळा!" "नंबर दे गं त्या केस विकणाऱ्या बाईचा, आत्ताच्या आत्ता दे!" जिने मटण वाढलं होतं, तिला आपण कुणाला काय वाढून बसलो या विचाराने घाम फुटला. मोरायोसाठी वरच्या रांगेत गादीची खुर्ची लागली. फोटोवाल्याला हाका गेल्या.

सासूबाईंची छाती अभिमानाने फुगली. सुनेला त्यांनी भर मांडवात कवटाळलं. "आधी सांगायचं नाही का गं! चार कसल्या, सगळ्या जणींनी नावाजलं. शब्द म्हणजे शब्द. आणि पोरगी मोठी झाली की तिच्याही डोक्यावर इंडियाचेच घालू, मग आतले कसे का असेनात! उगीच कशाला क्रीम?"

जिंकलं! मोरायोने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. इतक्या दिवसांची भांडणं, धुसफूस, रडारड, सगळं एका वाक्यात संपलं होतं. तिने इबुकुनला जवळ घ्यायला हात पुढे केला.

इबुकुन मात्र आजीच्या जांभळ्या लुगड्याला बिलगली.

"आजी, मला लाव ना क्रीम."

"अगं, आता कशाला? तुला तर नको होतं ना?"

"म्हणजे मग मला मम्मीसारखं खोटं बोलावं लागणार नाही."