पुढच्या रांगेतला तिरळा

“पायदळ कशाला असतं, एनिड? मरायला,” असं म्हणत क्लाइवने आपला लाल ड्रॅगन टेबलावरून सरकवला आणि तिच्या भालेकऱ्यांना भिडवला.

“मग मार की! नुसता बोलतोस काय?”

नॉटिंगहॅमच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये टेबलावर चिमुकली सैन्यं लढवणाऱ्यांचा शनिवार दुपारचा क्लब भरला होता. क्लाइव शेल्टन हा क्लबच्या संघाचा कप्तान. डार्बीच्या क्लबविरुद्धच्या सामन्याला एनिडचे बोटाएवढे भालेकरी न्यायचे नाहीत, हा त्याचा हेका. एनिड हॅलम दुसरं सैन्य रंगवायला तयार नव्हती. आज ती हरली तर तिने संघ सोडायचा आणि सामन्याला चहाची किटली सांभाळायची, असं ठरलं होतं.

बाकीचे आपलं पायदळ रुंद पसरतात. एनिडने ते अरुंद आणि खोल लावलं होतं. डावीकडे दलदल, उजवीकडे जरा मागे कुऱ्हाडवाले. ड्रॅगनला समोरूनच यावं लागलं.

क्लाइवने मूठभर फासे टाकले. भालेकरी पटापट मेले. पुढचा पडला की मागचा त्याच्या जागी येतो, म्हणून मेलेले मागच्या रांगेतून उचलायचे, हा खेळातला रिवाज. एनिड मागून एकेक उचलत राहिली. शेवटी दोनच रांगा उरल्या.

“आता पळणार बघ.” क्लाइवने बिस्किट चहात बुडवलं. “दोन फाशांची बेरीज सातच्या वर जाऊ दे, की संपलं.”

एनिडने दोन फासे टाकले. एकावर तीन पडले. दुसरा गडगडत कडेपर्यंत गेला आणि चारवर थांबला. भालेकरी जागचे हलले नाहीत. क्लाइवचं बिस्किट मात्र कपात गळून पडलं.

मग तिची पाळी आली. कुऱ्हाडवाले वळले आणि अडकून पडलेल्या ड्रॅगनच्या बगलेत घुसले. थोड्या वेळाने क्लाइवने स्वतःच्या हाताने ड्रॅगन उचलून डब्यात ठेवला.

जाता जाता तो पुढच्या रांगेवर वाकला. “हा मधला कुणी रंगवला गं? चक्क तिरळा आहे!”

“मीच. माझा पहिला शिपाई. तेव्हापासून पुढेच उभा असतो.”

“आणि डार्बीलाही हाच पुढे?”

“हाच.” एनिडच्या छातीत अभिमान मावत नव्हता. “त्याला दोन ड्रॅगन दिसत होते, क्लाइव. तरी हलला नाही.”