एक्केचाळीस नंबरची आई

"पाय आहे की भोपळा?" ऑर्व्हिल उठून ओरडला. "पाठवा रे त्याला घरी, आईकडे!"

चेंडू खांबांच्या बराच डावीकडून निघून गेला होता. लिंडन कॉलेजचा किक मारणारा एक्केचाळीस नंबर मान खाली घालून मैदानाबाहेर चालला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये खांबांमधून गेलेल्या अशा एका किकचे तीन गुण मिळतात. हार्लो कॉलेजचे तीन, आपल्या लिंडनचे दोन, आणि मध्यंतर होत आलेलं. ज्या सामन्यासाठी गाव वर्षभर जीव टांगून बसतं, त्यात हा स्कोअर! मागून कुणीतरी विचारत होतं, "अहो, हे फुटबॉल आहे ना? का बेसबॉलला येऊन बसलोय आपण?"

शेजारच्या खुर्चीवर गळ्यापर्यंत पांघरूण ओढून बसलेला अनोळखी माणूस जरा उशिराच हसला. वेन, एवढंच नाव त्याने सांगितलं होतं. ऑर्व्हिलने शेंगांची पिशवी त्याच्यापुढे धरली.

"तुमचं काय मत?"

"मलाही वाटतं, त्याने हा नाद सोडावा," वेन म्हणाला. "पण ऐकणार नाही."

"ऐकतात कुठे हल्लीची पोरं!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळली. तिने ऑर्व्हिलकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. तिच्या हिरव्या जॅकेटच्या पाठीवर भला मोठा आकडा होता. एक्केचाळीस.

लॉरेनने नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. "आईकडे पाठवा म्हणालास ना? ती बघ आई. लांब जायला नको."

लिंडनमध्ये नंबर घालून येतात ते खेळाडूंचे आईबाप. बाकीचे नुसते हिरवे कपडे घालतात. हे ऑर्व्हिलला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रविवारी चर्चच्या दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेणारा माणूस तो. एरवी मांजरालाही हाकलताना दोनदा विचार करायचा. या एका दिवशी मात्र त्याला काय व्हायचं कोण जाणे.

मध्यंतरात त्याने तिच्यासाठी गरम चॉकलेट आणलं, आणि ते हातात धरून बसला. ते थंड झालं.

"देऊन टाक की," लॉरेन म्हणाली.

"काय म्हणून देऊ? तुमच्या मुलाला भोपळा म्हणालो, घ्या, चॉकलेट प्या?"

वेन त्याच्याकडे बघत होता. "खरंच माफी मागायचीय तुम्हाला?"

"मागायला नको?"

"काय म्हणाल?"

ऑर्व्हिलने घसा साफ केला. आवाज उतरवून तो म्हणाला, "म्हणेन की, अशा वाऱ्यात मला तर चेंडू नुसता उभाही करता आला नसता. तुमचा मुलगा सगळ्यांसमोर चुकला, तरी पुन्हा येऊन उभा राहतोय. मी इथे पांघरूण घेऊन शेंगा खातोय आणि त्याला नावं ठेवतोय. लाज वाटते मला."

 वेन हातातल्या शेंगेचं टरफल नखाने कुरतडत बसला.

"असंच म्हणा," तो शेवटी म्हणाला. "बरं वाटेल."

पुढचा सगळा खेळ म्हणजे चिखलातली ढकलाढकली. गुण कुणालाच मिळेनात. एक्केचाळीस नंबर पुन्हा एकदा चुकला आणि सगळी बाजू हुर्यो करू लागली. त्या गदारोळात ऑर्व्हिल एकटा उभा राहून ओरडत होता, "होतं रे बाळा! पुढची बसेल! आम्ही आहोत!" लोक वळून वळून त्याच्याकडे पाहत होते. मागचा म्हणाला, "काका, पोरगी द्यायचीय का त्याला?" ऑर्व्हिलने तिकडे लक्ष दिलं नाही. पुढच्या पाठीवरचा आकडा तेवढा त्याला दिसत होता.

शेवटची किक. बसली तर सामना आपला. ऑर्व्हिलचा घसा बसला होता, तरी तो ओरडला. चेंडू खांबावर आपटला आणि मागे पडला.

तीन-दोन. लोक शिव्या देत उठले. टाळ्या वाजवत होता तो एकटा ऑर्व्हिल. मग त्याने टोपी काढली आणि पायऱ्या उतरून त्या बाईपाशी गेला.

"बाईसाहेब, मघाशी तुमच्या मुलाला मी जे बोललो..."

"माझ्या मुलाला?" ती चकित झाली. "मला मुलगाच नाही. मैत्रिणीकडे पाहुणी आलेय. थंडी फार म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानातून हे जॅकेट घेतलं. आतून लोकरी आहे. का हो, काही चुकलं का?"

ऑर्व्हिल जागेवर परतला तेव्हा त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. तो हसायलाच लागला. वेनच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "अहो, ती त्याची कुणीच नाही! दुपारभर उगाच घसा फोडला मी. माफी घेतली परत! पाय नाहीच तो, भोपळाच!"

"ऑर्व्हिल!" लॉरेन म्हणाली.

"आता कोण ऐकतंय?"

वेनही हसला, पुन्हा जरा उशिराच.

खाली खेळाडू रिवाजाप्रमाणे कॉलेजचं गाणं म्हणून आपापल्या माणसांना भेटायला कठड्याशी येऊ लागले होते. हेल्मेट काखेत धरून एक्केचाळीस नंबर नेमका त्यांच्या खाली येऊन थांबला. डोळे लाल झालेले. त्याने वर पाहिलं.

"डॅड, तुमच्या बाजूला कुणीतरी शेवटपर्यंत माझ्यासाठी ओरडत होतं. एकटंच. कोण होतं?"

वेनने ऑर्व्हिलच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे," तो म्हणाला.