गुणी वर्ग

लॉगॅरिदमचा आलेख फळ्यावर आला की दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचं, "सर, ह्याचा उपयोग काय?" सर ह्या प्रश्नाला पार विटले होते. यंदा मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

"ह्या वर्षीची पोरं गुणी आहेत," ते घरी म्हणाले. बायको मघापासून त्यांना जेवायला हाका मारत होती. तिनं त्यांना थेट कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"पोरांचे बारीक आवाज तुम्हाला ऐकूच येत नाहीत," म्हणत डॉक्टरांनी तपासणीचा आलेख पुढे केला. त्याची मोजपट्टीही लॉगॅरिदमचीच.

दुसऱ्या दिवशी सर तो कागद घेऊन मागच्या बाकापाशी गेले. "विचारा. आज सांगतो उपयोग."



"विचारणं आम्ही कधीचंच सोडून दिलं, सर," एक मुलगी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.