एका बटणाचं पेडल

वर्षानुवर्षं हॉटेलात बेस गिटार वाजवून बेसवाल्याची बोटं आता थकली होती. ओळीतला शेवटचा सूर त्याच्याकडून हल्ली हमखास उशिरा यायचा. ड्रमवाला म्हणायचा, "आम्ही घरी पोचून जेवायला बसतो, तेव्हा याचा सूर दारात येतो."

आवाज जरा भरीव व्हावा म्हणून त्याच्या मेहुण्याने घरीच गिटारला जोडून पायाने दाबायची तीन पेडलं बनवली होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. पहिल्याने आवाज फाटला. दुसरं नुसतंच गुरगुरलं. तिसरं अगदीच साधं, वर एक बटण आणि आत चार सुटे भाग.

बेसवाल्याने पायाने बटण दाबलं आणि नेहमीची ओळ वाजवली. शेवटचा सूर अगदी वेळेवर आला.

तो आपल्या बोटाकडे बघत राहिला. ते अजून तारेला लागलंच नव्हतं.

"यात आधी वाजवलेलं साठून राहतं का रे?"

"साठायला आत आहे काय, भावजी? डबा आहे तो."

मेहुणा स्पीकरला टेकून, डोळे मिटून ऐकू लागला. बेसवाल्याने ओळ सुरू केली आणि मधेच सोडून दिली. ती पुढे चालू राहिली. त्याने गिटारची वायर उपसून काढली. सूर हलला नाही.

बटण बंद करायला त्याने पाय उचलला. पण फार दमला होता तो. पाय बटण न दाबताच खाली आला. गिटार बाजूला ठेवून त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बऱ्याच वेळाने मेहुणा डोळे न उघडताच म्हणाला, "हेच न्या. आणि आता पुरे करा, भावजी. किती वाजवाल?"