खोली मिळेल का?

नदीकाठच्या लॉजच्या जाहिरातीत फोन नंबरचा एक आकडा चुकला आणि खोली शोधणाऱ्यांचे फोन निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी खणखणू लागले. मास्तर कुणालाच तोडून बोलत नसत. लॉजचा खरा नंबर देत आणि वर आपुलकीनं सांगत, "लहान मुलं सोबत असतील तर पाण्याकडची खोली घेऊ नका हं."

महिन्याभरानं लॉजमालक हात जोडून आला. "काका, फार त्रास झाला तुम्हाला. आजच नंबर दुरुस्त केलाय."

चार दिवस फोन मुका राहिला. पाचव्या दिवशी मास्तरांनीच लॉजला फोन लावला. "एका माणसासाठी खोली मिळेल का?"

"मिळेल की! कुठून येताय आपण?" मॅनेजरनं विचारलं.



"समोरच्या गल्लीतून."