तावदान

"ते घरटं आत्ताच्या आत्ता खाली आलं पाहिजे," साहेब म्हणाले.

काचवाला नवं तावदान घेऊन ताटकळत होता. माळीकाका शिडीच्या पहिल्या पायरीवर थबकले.

काचघराला दोन खोल्या, खोलीगणिक एक झाड. साऱ्या जगात एवढीच दोन उरलेली. नऊ वर्षांतून एकदा फुलायची. आजवर दोनदा फुलली, दोन्ही वेळा फुलं रिकामीच गळाली. बी म्हणून धरलं नाही. आता बहर तिसरा, आणि काकांच्या नोकरीचा महिना शेवटचा. जाण्याआधी एक तरी बी बघावं, एवढंच देवाजवळ मागणं.

एकाचा रोग दुसऱ्याला नको म्हणून नियम कडक. या खोलीची चप्पल त्या खोलीत न्यायची नाही. फुलांवर फिरवायचा कुंचलासुद्धा ज्याचा त्याला वेगळा. मधलं दार कायम बंद. त्या दारावरचं तावदान फुटलं काय, आणि चिमणीने तिथेच संसार थाटला.

"चार दिवस थांबू या साहेब, पिल्लं उडतील."

"काका, हे झाड शोधून सापडायचं नाही. आणि चिमण्या? पैशाला पासरी! तुम्ही झाडाचे की चिमणीचे?"

काका मुकाट्याने वर चढले. घरट्यात चार उघड्या चोची. तेवढ्यात चिमणी आली. तिचं कपाळ पिवळंधमक! आजारी की काय? काकांचा हात मागे आला. चिमणी फुटक्या तावदानातून पलीकडे गेली, तिथल्या फुलात मानेपर्यंत शिरली, मुंगी घेऊन परतली. कपाळावर पिवळा पराग तसाच.

काकांनी वरून खाली पाहिलं. अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं. पानांच्या आड, गळालेल्या फुलांच्या जागी, हिरव्या शेंगा टरारल्या होत्या.

काका शिडीवरच हसत सुटले. "अहो साहेब, वर या! सत्तावीस वर्षं नवरा-नवरीला वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं, आणि पाळणा कधी हलतो म्हणून वाट बघत बसलो!"

शिडी कुरकुरली. साहेब वर गेले. अलीकडच्या शेंगा पाहिल्या, पलीकडच्या पाहिल्या.

"साहेब, बसवू ना तावदान?" काचवाल्याने खालून विचारलं.

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. पिल्लं दचकू नयेत इतक्या हळू म्हणाले, "शेजारचंही काढ."